मिश्र संशोधन पद्धती विद्यार्थ्यांना कशी शिकवावी?

मिश्र संशोधन पद्धती म्हणजे एकाच अभ्यासात आकडे आणि मुलाखतींसारखी शब्दांतली माहिती एकत्र वापरणं. तुमची अडचण अशी की विद्यार्थी प्रश्नावली भरून घेतात, मुलाखतीही घेतात, पण प्रबंधात एक प्रकरण आकड्यांचं, दुसरं मुलाखतींचं, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. माझ्या मते चूक आपल्या क्रमात आहे. आधी संख्यात्मक (आकड्यांची) पद्धत, मग गुणात्मक (मुलाखतींसारखी), आणि दोन्हींची सांगड शेवटच्या आठवड्यात कशीबशी उरकलेली! मी आता सांगडीपासूनच सुरुवात करते.

पहिल्या तासाला प्रत्येकाला तीन रकान्यांचा कागद देते: आकडे काय म्हणतात, माणसं काय म्हणतात, दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय कळतं. यालाच जॉइंट डिस्प्ले म्हणतात. माहिती वर्गातच गोळा करायची. एकदा विषय होता ग्रंथालय. ३० पैकी २४ जणांनी ‘समाधानी’वर खूण केली. मुलाखतीत एक मुलगी म्हणाली, “तिथे शांत बसता येतं. पुस्तकं मी घेतच नाही.” तिसऱ्या रकान्यात बहुतेकांनी ‘विरोधाभास’ लिहून टाकलं. मी विचारलं, विरोध नेमका कशात आहे? बऱ्याच वेळाने एकाने खोडून लिहिलं: ‘समाधान जागेबद्दलचं आहे, पुस्तकांबद्दलचं असेलच असं नाही. प्रश्नावलीत दोन वेगळे प्रश्न हवे होते.’ हे वाक्य नुसत्या आकड्यांतून निघालं नसतं, नुसत्या मुलाखतीतूनही नाही.

यानंतर संशोधनाचे आराखडे एका तासात समजतात: दोन्ही माहिती समांतर गोळा करणं, आधी सर्वेक्षण मग मुलाखती, किंवा आधी मुलाखती मग सर्वेक्षण. दोन पद्धती एकत्र का वापरायच्या, या हेतूवर मात्र जास्त वेळ द्या. संशोधक जेनिफर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे पाच हेतू मांडले, पण विद्यार्थी सरसकट ‘ट्रायँग्युलेशन’ लिहितात. ट्रायँग्युलेशन म्हणजे एकच गोष्ट दोन पद्धतींनी पडताळणं. बहुतेकांना खरं तर पूरकता हवी असते, म्हणजे त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

सर्वेक्षणानंतर मुलाखती घेणाऱ्याला मी एवढंच विचारते: मुलाखतीला कोणाला बोलावणार, आणि ते सर्वेक्षणातल्या कोणत्या निष्कर्षावरून ठरवलं? उत्तर नसेल तर आराखडा परत पाठवते.

आणि गुण देताना सर्वाधिक गुण तिसऱ्या रकान्याला ठेवा. तो रिकामा असेल, तर ५०० प्रश्नावल्या भरून आणल्या तरी मी ते गुण देत नाही.