पेजमेकरमधील जुनी पुस्तके नव्या सॉफ्टवेअरमध्ये कशी न्यावीत?

प्रश्न : सदाशिव पेठेत माझा अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे. बावीस वर्षे मी पेजमेकर ७ या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर पुस्तके आणि दिवाळी अंक लावत आलो. तो जुना संगणक आता वारंवार बंद पडतो. मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून फॉन्ट बदलला, तर सगळी निरर्थक चिन्हे उमटली. माझे जुने काम वाया गेले का? या वयात नवे तंत्र जमेल का?

उत्तर : काम वाया गेलेले नाही. मात्र तुमची अडचण पेजमेकरपेक्षा फॉन्टची अधिक आहे आणि ती न सोडवता कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी हाच अनुभव येईल. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि २००४ मध्ये अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला. त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांट्या, अर्धी अक्षरे बसवलेली असत. त्यामुळे पानावर सुबक दिसणारे ‘पुणे’ संगणकाच्या लेखी इंग्रजी चिन्हेच होती.

जुना संगणक चालतो आहे तोवर प्रत्येक पुस्तकाची, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ करा, मजकूर वेगळा काढून ठेवा आणि मूळ फाइली व फॉन्ट दोन ठिकाणी जपा. हे काम या आठवड्यातच करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सगळीच पुस्तके लगेच युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणण्याचा आग्रह मात्र धरू नका. ज्याची नवी आवृत्ती निघेल तेवढेच रूपांतरित करावे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो, तर युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा असतो. म्हणून ‘आर्थिक’, ‘दुसऱ्या’ यांसारखे शब्द रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. मजकुराची लांबी बदलून पाने सरकतात, तेव्हा अनुक्रमणिकाही नव्याने करावी लागते.

नव्या कामासाठी इनडिझाइन हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर घेतल्यास परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (मजकूर ओळींत बसवणारी त्यातली सोय) लावा, नाहीतर जोडाक्षरे तुटतात. खर्च परवडत नसेल तर त्याच कामाचे स्क्रायबस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हे पाहावे. ‘तिरो देवनागरी मराठी’ त्या दृष्टीने चांगला आहे.

वयाची चिंता करू नका. युनिकोडमध्येही टाइपरायटर पद्धतीचा कळफलक मिळतो, त्यामुळे बोटांची सवय मोडावी लागत नाही, आणि ओळीतले अंतर व समास यांची तुमची नजर तर कोणत्याही सॉफ्टवेअरला तितकीच उपयोगी आहे. फक्त सुरुवात दिवाळी अंकाने न करता, मुदतीची घाई नसलेल्या सोळा पानी पुस्तिकेने करा.