त्याच किमतीत जास्त सोयी असलेला म्युझिक प्लेअर सोडून लोक दुसऱ्याच ब्रँडचा का घेतात?

तुम्ही एमबीएच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय आणि मायक्रोसॉफ्टचा झून आणि ॲपलचा आयपॉड या दोन म्युझिक प्लेअरचं उदाहरण दिलंय. किंमत सारखी, मेमरी सारखी, झूनचा स्क्रीन मोठा, वर एफएम फुकट, तरी लोकांनी आयपॉडच घेतला. पुढं तुम्हीच कंसात लिहिलंय, "म्हणजे ग्राहक गुणवत्ता बघत नाही, ब्रँडला भुलतो, बरोबर ना?"

बरोबर नाही. हेच वाक्य माझ्या मेहुण्यानं मला भर बारशात ऐकवलंय, फक्त उलट्या बाजूनं. "दाजी, तुमच्या गिऱ्हाइकाला ब्रँड कळत नाही, म्हणून ते चायना माल घेतं." म्हणजे शहरातला माणूस ब्रँड घेतो तर भुललेला, खेड्यातला घेत नाही तर अडाणी. गिऱ्हाइकाला अक्कल आहे असं कुणीच धरून चालत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर माझं दुकान आहे. वडील रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. मी टेप, वॉकमन, एमपीथ्री, मेमरी कार्ड असं करत करत आता मोबाईलचे कव्हर आणि ग्लास विकतो.

आधी तुमचं झून उरकतो. २००६ च्या नोव्हेंबरात झून आला. ३० जीबी, किंमत २५० डॉलरच्या आसपास, तेवढ्याच जीबीचा आयपॉडही तेवढ्यालाच. पण आयपॉड बाजारात येऊन तोवर पाच वर्षं झाली होती. त्याचे कव्हर, त्याचे स्पीकर, गाडीतला चार्जर, सगळं दुकानोदुकानी. अमेरिकेतल्या पोराच्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स, म्हणजे ॲपलचं गाणी विकायचं आणि आयपॉडमध्ये भरायचं सॉफ्टवेअर, आधीच होतं, ९९ सेंटला एक याप्रमाणं विकत घेतलेली गाणी त्यात होती, आणि ती गाणी झूनवर चालत नव्हती. झूनमध्ये एक भारी सोय होती, वायरलेसनं गाणं दुसऱ्याला पाठवायची. पण समोरच्याकडंही झूनच पाहिजे, आणि पाठवलेलं गाणं तीनदा वाजलं किंवा तीन दिवस झाले की बंद. ज्याच्या मित्रांत एकाकडंही झून नाही त्यानं ती सोय काय चाटायची? २०११ मध्ये कंपनीनं झून बंद केला. यात भुलण्यासारखं काय आहे सांगा. ज्याचं सगळं आसपास मिळतं ते माणसं घेतात.

सोयींची यादी लांब असली म्हणजे माल चालतो हे तर १९७९ पासूनच खोटं ठरलंय. सोनीनं पहिला वॉकमन काढला तेव्हा त्यात रेकॉर्डिंग नव्हतं. टेप म्हणायचा आणि रेकॉर्डिंग नाही, कोण घेणार, असं दुकानदारच म्हणत होते. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

आमच्याकडं वॉकमन मागायला गिऱ्हाईक यायचं ते कंपनीचं नाव ठरवूनच. मग माझ्या वडलांना विचारायचं, "ह्याचा बेल्ट मिळतो का?" बेल्ट म्हणजे आतली रबरी वादी. उन्हाळ्यात ती ढिली पडायची आणि बाईचं गाणं बाप्याच्या आवाजात यायचं. वडील म्हणायचे, ह्याचा मुंबईहून मागवावा लागंल, त्याचा माझ्याकडं डब्यात पडलाय. झालं, दुसरा विकला गेला. चितेगावच्या कारखान्यात घरातला माणूस कामाला म्हणून औरंगाबादकडच्या कितीतरी घरांत व्हिडिओकॉनचेच टीव्ही होते. बिघडला तर सांगायला आपलं माणूस आहे, एवढंच कारण. याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात माहीत नाही, पण ते असं चालतं.

आता मेहुण्याचं. २००७-०८ ची गोष्ट. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीनं अमेरिकेला पाठवलं होतं, येताना सासऱ्यांसाठी एक प्लेअर घेऊन आला. आयपॉड नव्हता, दुसऱ्याच एका परदेशी कंपनीचा होता. नाव घेत नाही, कारण वस्तूत काही खोट नव्हती. ॲल्युमिनियमचं अंग, काचेसारखा स्क्रीन, आवाज तर असा की मृदंगावरचं बोट कळावं. किंमत त्यानं सांगितली नाही, पण खोक्यावरचं लेबल काढायचंही विसरला नाही.

सासरे माळकरी. औसा तालुक्यात गाव. पहाटे उठून काकडा, संध्याकाळी हरिपाठ, दुपारी एखादं कीर्तन, असा त्यांचा दिवस. सगळं कॅसेटवर होतं आणि त्यांचा टेप म्हातारा झाला होता, म्हणून हे प्रकरण निघालं. मी कॅसेट वाजवून वाजवून कॉम्प्युटरवर घेतल्या, रात्री दुकान बंद झाल्यावर. ते काम किती कंटाळवाणं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, त्यात घाई करता येत नाही.

तर तो परदेशी प्लेअर कॉम्प्युटरला लावला की त्याचंच सॉफ्टवेअर लागायचं. फाईल उचलून टाकली तर आत जागा खायची, पण यादीत दिसायची नाही. सॉफ्टवेअर मेहुण्याच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप पुण्यात. शेवटी त्यानं फोनवर सांगत सांगत माझ्याकडं ते उतरवून घेतलं, सायबर कॅफेतून सीडीवर आणून. गाणी गेली आत. पण तो प्लेअर गाणी लावायचा गायकाच्या आणि अल्बमच्या नावानं. माझ्या फाईलला गायकही नाही आणि अल्बमही नाही, घरच्या कॅसेटवरून घेतलेल्या त्या. सगळं 'अननोन आर्टिस्ट'च्या खाली एबीसीडीनं. काकड्याच्या मध्येच गवळण, गवळणीनंतर कीर्तनाचा उत्तरार्ध, पूर्वार्ध कुठं ते पांडुरंगाला माहीत.

माझ्या दुकानात चायनाचे पीस होते, काडेपेटीएवढे. टोपण काढलं की आत यूएसबीचं तोंड, सरळ कॉम्प्युटरला लावायचं, पेनड्राइव्हसारखं. एक बारका सेल. स्क्रीनवर मराठी नावाच्या जागी चौकोन दिसायचे. आवाज पत्र्याचा, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यात एक गंमत होती. ज्या क्रमानं फाईल टाकाल त्याच क्रमानं तो वाजायचा, नाव काहीही असू द्या. मी आधी काकडा टाकला, अभंगामागून अभंग, एकेक फाईल, आरतीपर्यंत. मग हरिपाठ. मग कीर्तनं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, स्क्रीन वाचायचं कामच नाही. पहाटे अंथरुणात बटण दाबलं की काकडा सुरू.

दोन्ही पीस त्यांच्याकडं ठेवले. मी काही बोललो नाही, बायकोला विचारा.

तेव्हाचं भारनियमन ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची, आणि यायची ती मोटार लावायच्या वेळेला, रात्री-बेरात्री. परदेशी प्लेअरची बॅटरी आतच, चार्जिंग कॉम्प्युटरच्या वायरनं, भिंतीचा चार्जर वेगळा घ्यावा लागायचा. चायनावाल्याचा सेल संपला की मामा टीव्हीच्या रिमोटमधला काढून घालायचे. लाईटच नाही तर टीव्हीला रिमोट कशाला? लाईट आली की सेल परत रिमोटमध्ये. अगदीच उतरला तर दातानं चावून अजून एक अध्याय काढायचे. सासूबाई त्यावरून ओरडायच्या.

काही दिवसांनी मामा लातूरला आले, दुकानात बसले, चहा घेतला, आणि खिशातून पैसे काढून काउंटरवर मोजून ठेवले. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "पाहुणं, हे बारकं राहू द्या माझ्याकडं. ते मोठं पोरीला द्या, कॉलेजात मिरवंल." जावयाकडून फुकट घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. पण मला जे दिसलं ते असं की फुकट आलेली भारी वस्तू बाजूला ठेवून माणसानं स्वतःच्या पैशानं हलकी वस्तू घेतली. तुमच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला पुरावा कुठं मिळणार?

मेहुण्याच्या डोक्यात मात्र वेगळंच. दाजींनी मुद्दाम गाणी वेडीवाकडी भरली, स्वतःचा पीस खपवायला. बारशाला, पाहुण्यांच्या पंगतीत, हे हसत हसत सांगतो आणि वर म्हणतो, बाबांना क्वालिटी कळत नाही. अरे, एका चायना पीसमध्ये मला काय सुटायचं? दोन चहाचे पैसे. तेवढ्यासाठी मी रात्र-रात्र कॅसेटी कॉम्प्युटरवर घेत बसलो होय? आणि मामांना क्वालिटी कळत नाही म्हणावं तर मृदंग स्वतः वाजवायचे ते, तरुणपणी. आवाज कोणाचा चांगला हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं. त्यांना आवाज नको होता, पहाटे काकडा पाहिजे होता.

आयपॉडही आमच्याकडं चालला नाही तो याच हिशेबानं. आयट्यून्समधून दुकान थाटून ॲपलनं अमेरिका जिंकली, ते दुकान भारतात उघडलं २०१२ च्या डिसेंबरात. तोवर इथं प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये मेमरी कार्ड होतं आणि माझ्यासारख्यांच्या दुकानावर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी. आयपॉड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सिंक करायला गेलं की तो विचारायचा, आधीची गाणी पुसू का? दुकानदारानं हो म्हणायचं की नाही? म्हणून आम्हीच गिऱ्हाइकाला सांगायचो, नका आणू. ज्या गोष्टीनं तिकडं माणूस त्या कंपनीला धरून राहिला, तीच इकडं आडवी आली. तुम्ही प्रोजेक्टमध्ये हे लिहिलंत तर सर खूश होतील, कारण ब्रँड तोच, माल तोच, निकाल उलटा.

नोकियाचा ५३१० आला तेव्हा पोरं त्यावर तुटून पडली. बाजूला गाण्याची बटणं, लाल पट्टी, हे खरंच. पण त्याचा बारीक पिनचा चार्जर गावातल्या पानटपरीवरसुद्धा लावलेला असायचा, हेही तेवढंच खरं. दुसऱ्या कंपनीच्या चपट्या पिनवाल्याला चार्जरसाठी दारोदार फिरावं लागायचं.

याला अपवाद आहेत. कॉलेजची पोरं दाखवायला घेतात. वायर आयपॉडसारखी पांढरी दिसली पाहिजे म्हणून नुसते पांढरे इअरफोन लावून, वायर खिशात सोडून फिरणारे मी बघितलेत, पुढं काही जोडलेलं नाही. तिथं तुमची ब्रँड इमेज शंभर टक्के लागू. आणि भेट द्यायची वस्तू असेल तर हिशेबच वेगळा, कारण पैसे देणारा एक आणि ऐकणारा दुसरा. २०१७ मध्ये सारेगामानं कारवाँ काढला, पाच हजार गाणी आतच भरलेली, दिसायला जुन्या रेडिओसारखा. तो पोरांनी आईबापांसाठी घेतला. पण बघा, तिथंही गाणी भरायची भानगडच ठेवली नाही कंपनीनं. हुशार माणूस बसला असणार तिथं.

आणखी एक सांगायचं राहिलं. गाणी भरून द्यायचा धंदा कायद्यात बसत नव्हता, मला माहीत आहे, त्याचं समर्थन करत नाही. मामांच्या कॅसेटी मात्र विकत घेतलेल्या होत्या. आणि मी दुकानदार आहे, त्यामुळं मला सगळीकडं दुकानदारच दिसतो, हे धरून वाचा. पुण्या-मुंबईचं मी सांगू शकत नाही.

प्रश्नावली करणार असाल तर "आवाजाचा दर्जा तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो" हा प्रश्न घालू नका. सगळे "अत्यंत" वर टिक करतात आणि बाहेर जाऊन दुसरंच घेतात. त्यापेक्षा विचारा, यात गाणी कोण भरून देतं, हा पीस पहिल्यांदा कुणाच्या हातात बघितला, बंद पडला तर कुठं नेता, आणि पैसे कुणी दिले. शेवटचा प्रश्न सोडू नका. घरात दोघं असतील तर दोघांकडून वेगवेगळा फॉर्म भरून घ्या, एकत्र बसवून नको, नाहीतर पुण्याहून आलेला मुलगाच बापाचाही फॉर्म भरून टाकतो.