गयानाचे नेते छेदी जगन यांचं चरित्र लिहिणाऱ्या तरुणास

सप्रेम आशीर्वाद.

मसुदा वाचला. चाळीस पानांपैकी सव्वीस पानं चर्चिल, केनेडी, कॅस्ट्रो आणि सीआयए यांनी खाल्ली आहेत. छेदी जगन मधूनमधून येतात, तेही कुणीतरी त्यांना पदावरून काढलं, तुरुंगात टाकलं, फसवलं म्हणून. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर चरित्रनायक कर्ता राहिलेला नाही, कर्म झाला आहे. शीतयुद्धाचा भाग खोटा नाही, पण तो शेवटी लिही. आधी दोन धागे पकड आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. साखरमळ्यातल्या कामगाराने आपली संघटना मतदानाने निवडायची की नाही, हा पहिला. मतांच्या जागा कशा होतात, हा दुसरा. या माणसाचं अर्धशतकाचं राजकारण या दोन मोजण्यांभोवती फिरलं.

त्याआधी काही दुरुस्त्या. मसुद्यात सात ठिकाणी तू त्यांना ‘पंतप्रधान’ म्हटलं आहेस. ते पंतप्रधान कधीच नव्हते. 1953 मध्ये ते सभागृहाचे नेते आणि शेती, वनं, जमीन व खाणी या खात्यांचे मंत्री होते. 1957 पासून व्यापार-उद्योग मंत्री, 1961 ते 1964 प्रीमियर आणि 1992 पासून 6 मार्च 1997 ला मृत्यू येईपर्यंत राष्ट्राध्यक्ष. प्रीमियर म्हणजे अंतर्गत स्वायत्तता असलेल्या वसाहतीचा सरकारप्रमुख. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनच्याच हातात. हा फरक पुसला की 1964 मध्ये त्यांना हटवणं इतकं सोपं का गेलं, हेच वाचकाला कळत नाही. दुसरं, 26 मे 1966 च्या आधीचा देश ‘ब्रिटिश गियाना’, नंतरचा ‘गयाना’. तिसरं, ते बेट नाही. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा देश आहे. इतिहासाने आणि उसाने तो कॅरिबियन.

‘आपल्या मातीतला माणूस’ हे पहिल्या प्रकरणाचं शीर्षक काढून टाक. गयानाला मजूर नेणारी जहाजं मुख्यतः कोलकात्याहून आणि काही मद्रासहून सुटली, पहिली दोन 1838 मध्ये पोचली. मराठी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, गेले ते मॉरिशसला. जगन यांचे आईवडील उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातले, लहानपणीच तिकडे नेलेले. मराठी वाचकाला जवळ आणायचंच असेल तर उसाच्या वाटेने आण. कोयता, मोळी, टोळी, मुकादम हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. छेदींचा जन्म 22 मार्च 1918 चा, बर्बिसमधल्या पोर्ट मोरंट मळ्यातला. वडील आधी ऊसतोड मजूर, पुढे ‘ड्रायव्हर’ झाले. मसुद्यात तू त्यांना गाडी चालवायला लावलं आहेस! मळ्याच्या बोलीत ड्रायव्हर म्हणजे मुकादम. मजुराचा मुलगा जॉर्जटाउनच्या क्वीन्स कॉलेजात आणि पुढे अमेरिकेत कसा पोचला, याचं निम्मं उत्तर या एका शब्दात आहे.

अमेरिकेतली सात वर्षं दोन पानांत आटप: वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ, मग नॉर्थवेस्टर्नची दंतवैद्यकाची पदवी, 1943 मध्ये जेनेट रोझेनबर्ग यांच्याशी लग्न आणि त्याच वर्षी परत येऊन दवाखाना. जेनेट यांना मात्र ‘पत्नी’ म्हणून दोन ओळींत गुंडाळू नकोस. पक्षाच्या सरचिटणीस त्या होत्या, संघटना त्यांनी बांधली आणि पुढे त्याही राष्ट्राध्यक्ष झाल्या.

खरं चरित्र सुरू होतं ते 1948 पासून. इथे सावकाश लिही. समुद्रकाठची ती जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. बांध, झडपा आणि कालवे यांच्या जोरावर टिकलेली. ऊस गाडीने नाही, कालव्यातल्या पंट नावाच्या सपाट बोटींतून कारखान्यात जातो. पूर्वी तोडणारे वेगळे आणि भरणारे वेगळे होते. मग ‘कट अँड लोड’ आलं: जो तोडेल त्यानेच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून पंटपर्यंत न्यायची आणि भरायची. पावसाळ्यात निसरड्या बांधावर याचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडे ट्रकवर मोळ्या चढवणाऱ्याला विचार. या पद्धतीविरुद्ध संप झाला, पण त्याच्या पोटात दुसरी मागणी होती. मळेवाल्यांनी मान्यता दिलेली संघटना कामगारांना मालकांच्या खिशातली वाटत होती. त्यांना स्वतःची, गियाना इंडस्ट्रियल वर्कर्स युनियन, हवी होती. 16 जून 1948 ला एन्मोर मळ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच कामगार मेले. प्रेतयात्रा पायी जॉर्जटाउनपर्यंत गेली आणि पुढे जगन होते. आदल्या वर्षीच ते विधिमंडळावर निवडून आले होते. 1 जानेवारी 1950 ला पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी, म्हणजे पीपीपी, स्थापन झाली. छेदी भारतीय वंशाचे, फोर्ब्स बर्नहॅम आफ्रिकी वंशाचे, पक्ष एक.

आता पहिला धागा ओढ. एप्रिल 1953 मध्ये 21 वर्षांवरील सर्वांना मताधिकार मिळाला आणि पीपीपीने 24 पैकी 18 जागा जिंकल्या. सरकारने कामगार संबंध विधेयक आणलं. कामगारांचं बहुमत ज्या संघटनेला, तिला मालकाने मान्यता द्यायचीच, हा त्याचा गाभा. 8 ऑक्टोबरला ते सभागृहात मंजूर झालं आणि 9 ऑक्टोबरला लंडनने राज्यघटनाच स्थगित केली. ब्रिटिश सैन्य उतरलेलंच होतं. सरकार टिकलं 133 दिवस. गंमत अशी की ज्या विधेयकाला साम्यवादी म्हटलं गेलं, ते अमेरिकेच्या 1935 च्या वॅग्नर कायद्याच्या धर्तीवर होतं. हे वाक्य तुझ्या मसुद्यात नाही, आणि ते नसल्यामुळे 1953 चं प्रकरण नुसतं रडगाणं झालं आहे.

पुढचा तुरुंगवास थोडक्यात सांग. जॉर्जटाउन सोडायचं नाही हा हुकूम मोडल्याबद्दल 1954 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा, एवढं पुरे. पण पीपीपीतली 1955 ची फूट घाईने ओलांडू नकोस. ‘इंग्रजांनी फोडा आणि झोडा केलं’ हे आपलं तयार वाक्य तिथे चिकटवलं आहेस. इंग्रजांनी खतपाणी घातलं, हे खरं. पण बर्नहॅम यांना नेतृत्व हवं होतं, आणि जगन मार्क्सवादाची मांडणी कुठे गिळावी हे कधी शिकले नाहीत. फुटीनंतर गावागावांत घोषणा फिरली ‘आपन जात’. भोजपुरी आहे, पण मराठी वाचकाला भाषांतर लागणार नाही. जगन आयुष्यभर वर्गाची भाषा बोलले आणि त्यांना मतं मिळाली ती बरीचशी या दोन शब्दांवर. ब्रिटिश कॅरिबियन वसाहतींच्या, आफ्रिकी बहुसंख्येच्या वेस्ट इंडीज महासंघात जायला ते तयार नव्हते, तेही त्यांच्या भारतीय मतदारांना मानवणारंच होतं. हा पेच त्यांच्या बाजूने उभं राहून झाकू नकोस.

दुसऱ्या धाग्यासाठी एक तक्ता कर. पाच रकाने: वर्ष, एकूण जागा, पक्ष, मतांची टक्केवारी, मिळालेल्या जागा. 1961 ची ओळ अशी भरेल. एकूण जागा 35. पीपीपी 42.6 टक्के, 20 जागा. बर्नहॅम यांची पीपल्स नॅशनल काँग्रेस, म्हणजे पीएनसी, 41 टक्के, 11 जागा. उद्योगपती पीटर डी’अग्वियार यांची युनायटेड फोर्स 16.4 टक्के, 4 जागा. मतांत दीड टक्क्याचं अंतर आणि जागांत जवळजवळ दुप्पट! आता प्रत्येक टक्केवारीने 35 ला गुणून बघ: 14.9, 14.4 आणि 5.7. म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, मतांच्या प्रमाणात जागा, असतं तर साधारण 15, 14, 6. विरोधकांची प्रमाणशीर पद्धतीची मागणी निव्वळ कावा नव्हती, हे या गुणाकारातून दिसतं. ते आधी मान्य कर, म्हणजे पुढे ‘पण’ म्हणायचा हक्क मिळेल.

1962 चा अर्थसंकल्प केंब्रिजचे निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्याचा. आपल्याकडे 1956 मध्ये संपत्ती कर आणि खर्च कर सुचवणारे तेच हे काल्डोर. सक्तीची बचत आणि संपत्तीवरचा कर यांनी शहर पेटलं. 16 फेब्रुवारीला जॉर्जटाउनच्या बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. 1963 मध्ये कामगार संबंध विधेयक पुन्हा आणलं, तेच दहा वर्षांपूर्वीचं. 80 दिवसांचा संप झाला आणि त्यामागे अमेरिकी कामगार संघटनांच्या हातून आलेला पैसा होता. 1953 मध्ये त्या विधेयकाच्या बाजूने असलेले बर्नहॅम आता विरुद्ध होते. सीआयएला इथे आण. इथे ती शोभते, कारण ती काय करत होती आणि कशाच्या विरोधात, हे वाचकाला कळलेलं असतं.

मग ऑक्टोबर 1963, लंडनची घटना परिषद. हे प्रकरण सर्वांत मोठं व्हायला हवं. तुझ्याकडे त्याला एक परिच्छेद आहे. तिन्ही नेत्यांत एकमत होईना. तेव्हा तिघांनी वसाहतमंत्री डंकन सँडिस यांना सहीचं पत्र दिलं: तोडगा तुम्ही काढा, आम्हाला मान्य. जगन यांनीही सही केली. सँडिस यांनी दिलेला निकाल असा: प्रमाणशीर पद्धत, स्वातंत्र्याआधी नवी निवडणूक, मतदानाचं वय 21 च. जगन यांना वय 18 हवं होतं, कारण भारतीय वंशाची लोकसंख्या तरुण होती. तिन्ही मुद्दे त्यांच्या विरुद्ध गेले. त्यांनी सही का केली? सहीवाचून स्वातंत्र्याची तारीख मिळत नव्हती, आणि ब्रिटन स्वतःच्या घरात न वापरलेली पद्धत दुसऱ्यावर लादणार नाही असा त्यांचा हिशेब असावा. माझ्या मते ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महाग सही. ‘विश्वासघात’ हा शब्द तू वापरला आहेस. निकालावर आधीच सही देणाऱ्याच्या बाबतीत तो शब्द जरा जपून.

1964 च्या हिंसाचाराबद्दल कडक सूचना. 25 मे ला विस्मार या गावात भारतीय वंशाच्या कुटुंबांवर हल्ले झाले, हे तू तीन पानं लिहिलंस. 6 जुलैला सन चॅपमन ही प्रवासी लाँच स्फोटात बुडून चाळीसच्या आसपास आफ्रिकी वंशाची माणसं मेली, हे एका ओळीतही नाही. दोन्ही लिही, सारख्याच तपशिलाने. नाहीतर पुस्तक तिथेच मिटावं लागेल.

7 डिसेंबर 1964 ची ओळ: 53 जागा, सगळा देश एकच मतदारसंघ. पीपीपी 45.8 टक्के, 24 जागा. पीएनसी 40.5 टक्के, 22. युनायटेड फोर्स 12.4 टक्के, 7. जगन यांची मतं 1961 पेक्षा वाढली आणि सत्ता गेली, कारण बहुमताला 27 हवे होते आणि 22 अधिक 7 होतात 29. जगन राजीनामा देईनात, तेव्हा लंडनने घटनेत दुरुस्ती करून त्यांना हटवलं आणि बर्नहॅम आले.

पुढची अठ्ठावीस वर्षं विरोधी बाकावर. इथे बहुतेक चरित्रकार झोपतात आणि तूही झोपलास. 1968 मध्ये परदेशात राहणाऱ्या गयानी मतदारांच्या याद्या फुगवल्या गेल्या. ब्रिटनमधल्या पत्त्यांवर जाऊन पाहिलं तेव्हा यादीतली बरीच माणसं तिथे सापडलीच नाहीत. 1973 मध्ये मतपेट्या लष्कराने ताब्यात घेतल्या आणि बर्बिसमध्ये पीपीपीचे दोन कार्यकर्ते गोळीबारात मेले. म्हणजे मतं पडत होती, पण पेटी मोजणीच्या जागी पोचेपर्यंत तिचं काय व्हायचं ते कुणाला दिसत नव्हतं. म्हणून 1990 मध्ये जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने ज्या दोन गोष्टी पदरात पडल्या त्या ठळक लिही: नवी मतदारयादी, आणि मोजणी मतदान केंद्रावरच. 5 ऑक्टोबर 1992 ला पीपीपी जिंकली ती या दुसऱ्या अटीमुळे. मधल्या काळात पहिला धागाही पूर्ण झाला होता: 1975 च्या अखेरीस साखर कामगारांचं मतदान झालं, आणि ज्या मान्यतेसाठी एन्मोरला माणसं मेली ती त्यांच्या पसंतीच्या गावू (गयाना ॲग्रिकल्चरल अँड जनरल वर्कर्स युनियन) या संघटनेला 1976 मध्ये मिळाली. तीही बर्नहॅम यांच्या राजवटीत. 1948 ते 1976 अठ्ठावीस वर्षं, 1964 ते 1992 पुन्हा अठ्ठावीस. हा योगायोग आहे, त्यावर प्रकरण रचू नकोस. राष्ट्राध्यक्षपदाची शपथही नेमकी 9 ऑक्टोबरला झाली, 1953 मध्ये राज्यघटना स्थगित झाली त्याच तारखेला. तेव्हा ते 35 वर्षांचे होते, आता 74. तारखा शेजारीशेजारी ठेव आणि पुढे जा.

कागदपत्रांचं एक सांगायचं राहिलं. जगन यांचं आत्मचरित्र 1966 चं आहे, पराभवानंतर लगेच लिहिलेलं. त्यातल्या तारखा घे, हेतूंबद्दलची विधानं ब्रिटिश वसाहत खात्याच्या आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रसिद्ध झालेल्या कागदांशी ताडून मगच घे. त्या कागदांतही लिहिणाऱ्याची भीती असते. गव्हर्नर लंडनला काय कळवतो आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्राला काय सांगतो, हे समोरासमोर ठेवून वाच.

आता आधी फक्त 1948 ते 1953 चा भाग नव्याने लिहून पाठव, बारा पानांच्या आत, आणि सोबत तो तक्ता. सव्वीस पानं फाडू नकोस, बाजूला ठेव. त्यातली पाच-सहा 1963 ला लागतील.