बंपरचा क्लेम टाकायच्या आधी हे वाच

पोरी,

लायसन आल्याचं तुझ्या पप्पांनी फोनवर सांगितलं, लई बरं वाटलं, आणि पुढच्याच वाक्याला गेटला बंपर घासल्याचंही सांगितलं त्यामुळं अभिनंदन अर्ध्यातच राहिलं. असू दे, मी पहिल्या महिन्यात मिरजेत रिक्षाला घासली होती, गेट निदान भांडायला तरी येत नाही.

तू मेसेजमध्ये विचारलंयस की नवीन ड्रायव्हरला स्वस्तात इन्शुरन्स कुठं मिळतो, आणि वर त्या लंडनच्या पोरीचा रील पाठवलायस, गाडीपेक्षा इन्शुरन्सच महाग पडला म्हणून रडतेय ती. तिकडं तसंच असतंय, चालवणाऱ्याचं वय आणि लायसन किती जुनं हे बघून आकडा ठरतो. आपल्याकडं मुख्य हिशेब गाडीचा असतो, म्हणजे इंजिन किती सीसी, गाडी किती जुनी, पासिंग कुठलं, मागं क्लेम घेतलाय का. तू एकोणीस वर्षांची आहेस म्हणून पप्पांच्या वॅगन आरचा प्रीमियम वाढणार नाही. जुन्या टॅरिफमध्ये पुणे-मुंबईसारखी मोठी शहरं झोन ए मध्ये होती आणि उरलेले सगळे झोन बी, त्यामुळं एमएच १० ला पुण्याच्या गाडीपेक्षा जरा कमीच बसायचं. सांगलीत राहायचा हा एक फायदा, तोटा पुढं सांगतो.

आता पॉलिसीचे दोन तुकडे समजून घे, थर्ड पार्टी आणि ओडी, म्हणजे ओन डॅमेज. थर्ड पार्टी म्हणजे तुझ्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. ती कायद्यानं लागतेच, नसली तर पहिल्यांदा पकडल्यावर २००० दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात हजार सीसीपर्यंतच्या कारला २०९४ आणि हजार ते दीड हजार सीसीला ३४१६, वर १८ टक्के जीएसटी. तुमची वॅगन आर ९९८ सीसी, म्हणजे दोन सीसीनं वाचलात. हे सगळ्या कंपन्यांना सारखंच, त्यामुळं थर्ड पार्टीसाठी दहा ठिकाणी कोट मागत बसू नकोस. आणि कुणी नाक्यावर टेबल टाकून आठशे रुपयात कारची थर्ड पार्टी काढून देतो म्हणाला तर तिथून सरळ निघायचं. मी असले कागद बघितलेत, वर नंबर कारचा आणि आत वाहनाचा प्रकार टू व्हीलर. पोलिसानं लांबून बघितलं तर खपून जातं, पण माणसाला लागल्यावर कोर्टात नाही खपत.

खरी घासाघीस ओडीत, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. आणि इथंच तुझ्या बंपरचा विषय येतो.

पप्पा म्हणतायत क्लेम टाकू, एवढी वर्षं भरतोय की. थांबव त्यांना. गाडी २०१६ ची, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, आता नाही त्यावर. बंपर प्लास्टिकचा, प्लास्टिकवर ५० टक्के घसारा. समज बंपर ३००० चा आला, कंपनी धरणार १५००, त्यातनं सक्तीचे १००० आपल्या खिशातले वजा, हातात आले ५००. रंगाचे थोडेफार मिळतील. आता गेलं काय ते बघ. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडीत मिळणारी सूट, ४५ टक्क्यांवर आहे, पुढच्या महिन्यात रिन्यूला ५० होणार, तो क्लेम टाकला की शून्य. बोनस कापायच्या आधीची ओडी ४००० धरली तर क्लेम न घेता दरवर्षी २००० भरायचे, क्लेम घेतला तर पहिल्या वर्षी ४०००, मग ३२००, ३०००, २६००, २२००, आणि सहाव्या वर्षी कुठं परत २०००. जास्तीचे किती गेले, मोज. पाच हजार. गाडी जुनी होईल तशी ओडी थोडी उतरत जाते म्हणून अगदी पाच नाही धर, तरी पाचशेसाठी हा उद्योग कोण करतंय. माझ्याकडं आण, बंपर प्लास्टिक वेल्डिंगनं बसतो, रंग मारून देतो.

वीस वर्षं झाली गॅरेजच्या काउंटरवर क्लेमचे फॉर्म भरतोय, नवीन शिकलेल्या पोरापोरींची गाडी पहिल्या वर्षात तीन-चारदा तरी घासून येतेच, आणि दरवेळी घरचा माणूस म्हणतो क्लेम टाका.

दुसरं, पप्पा हौसेनं गाडी तुझ्या नावावर करायची म्हणतायत. नको आत्ता. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. नाव बदललं की पप्पांचा ५० टक्के पप्पांकडंच राहणार आणि तू शून्यापासून सुरू करणार. त्यांच्या नावावरची गाडी तू चालवलीस तरी चालतं, लायसन चालू पाहिजे आणि त्यांची परवानगी पाहिजे, बास. फक्त एक लक्षात ठेव, पॉलिसीतला तो १५ लाखांचा अपघात कव्हर मालकाचा आहे, पप्पांचा, तुझा नाही. तुझ्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घे, आणि बँकेत ती वर्षाला २० रुपयेवाली पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, दोन लाखांची, ती तर आजच सुरू कर. आणि मैत्रिणीला लायसन नसताना गाडी द्यायची नाही, लग्नातसुद्धा नाही. तिनं कुणाला उडवलं तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग कंपनी ते पैसे मालकाकडनं, म्हणजे तुझ्या पप्पांकडनं वसूल करते.

कोट बघताना आयडीव्ही बघ. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणारी रक्कम ती. ऑनलाईन एक कोट सहाशेनं स्वस्त दिसतो, आत बघावं तर आयडीव्ही दोन लाखांवरनं दीडवर आणलेली असते. आधी सगळीकडं आयडीव्ही सारखी कर आणि मग आकडे जुळवून बघ. आणि बोनसच्या खान्यात खरं तेच लिही, खोटा बोनस टिकमार्क करून हजार वाचवणारे क्लेमच्या दिवशी माझ्यासमोर डोकं धरून बसतात.

आता तो तोटा. तुमचं घर पुराच्या पट्ट्यात, त्यामुळं ओडी काढून टाकून नुसती थर्ड पार्टी ठेवायचा विचार मनात आणू नकोस, पुराचं नुकसान ओडीतच येतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, पाणी उतरल्यावर आमच्या गॅरेजबाहेर टो करून आणलेल्या गाड्यांची रांग. त्यात एक गृहस्थ स्वतः चालवत आणायचा प्रयत्न करून आलेले, घरासमोर चावी फिरवली म्हणे, दोनदा घरघर झाली आणि बंद पडली. सर्व्हेअरनं एअर फिल्टर उपसला तर त्यातनं गढूळ पाणी गळत होतं, कनेक्टिंग रॉड वाकलेला. सीट, वायरिंग, सगळं मंजूर झालं, इंजिनाचं नाही. पाण्यानं नाही तर पाण्यात चालू केल्यानं गेलं, असं लिहून आलं. इंजिन प्रोटेक्ट नावाचा अ‍ॅड ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, असता तर मिळालं असतं, पण तुमच्या गाडीच्या वयाला तो सहसा देत नाहीत. म्हणून आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी झाली की गाडी उचलून विश्रामबागेत मावशीकडं लावायची, आणि चुकून भिजलीच तर चावीला हात न लावता बॅटरीचा टर्मिनल काढून मला फोन.

रिन्यूची तारीख चुकवू नकोस हे मी कुठल्या तोंडानं सांगू, माझ्याच स्कॉर्पिओचं एकदा राहून गेलं, नव्वद दिवस उलटले आणि ४५ टक्के बोनस गेला, बायको अजून काढते. संपायच्या आठवडाभर आधीच करून टाक, नाहीतर कंपनीकडनं गाडी तपासून घ्यायची, इन्स्पेक्शनची भानगड मागं लागते.

शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये, सहानंतर, तेव्हा गर्दी नसते. जुनी पॉलिसी आणि आरसी आण, पप्पांच्या कपाटात गॅसच्या कार्डाबरोबर असेल. आणि तू चालवत ये, पप्पांना मागं बसव.

काका