वडोदऱ्याची सयाजीबाग म्हणजे आधीचं जंगल आहे का? तिथली डॉ. आंबेडकरांची संकल्पभूमी पाहायला येतोय, झाडं कुठली बघू?

रिक्षावाल्याला 'कमाटीबाग' सांगा, आमच्याकडे कोणी सयाजीबाग म्हणत नाही.

जंगल नाही हो. १८७९ मध्ये आखून, झाडं लावून केलेली बाग आहे ती. तेव्हा सयाजीराव महाराज स्वतः सोळाचेसुद्धा नव्हते! मूळचं रान उरलंय ते गावांच्या नावांत. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात इथल्या खेड्याचं नाव वडपद्रक, म्हणजे वडांचं गाव. नदीपलीकडचं अकोटा तेव्हा अंकोट्टक होतं, तेही अंकोल या झाडावरून म्हणतात. वड अजून पावलोपावली आहेत. अंकोल दाखव म्हणालात तर मात्र माझी पंचाईत होईल.

रानाचा खरा तुकडा बघायचा तर बागेला वळसा घालणारी विश्वामित्री बघा. पावागडच्या डोंगरातून येते, मातीचे उंच काठ कापत, घळी पाडत जाते. काठावर आता बरीचशी वेडी बाभूळ, ती परदेशातून आलेली. पण मगरी मूळच्याच. थंडीत सकाळी काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर थांबा. चिखलाने माखलेला ओंडका वाटतो, आणि मग ओंडका जबडा उघडतो. पूर ओसरला की काठच्या फांद्यांना, आपल्या डोक्याच्याही वर, प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या.

आता संकल्पभूमी. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर आले. जातीमुळे घर कोणी देईना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, हातात पाच तास. ते त्यांनी कमाटीबागेत काढले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तिथे वडाखाली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला असं मानतात, म्हणून २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतात. त्या दिवशी लोक लांबून लांबून येतात, निवांत बसायला जागा मिळत नाही.

गर्दी नको असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी दुपारी चारला या. झाडांची यादी मी देत नाही. पारंब्यांखाली बसा आणि अंधार पडेपर्यंत उठू नका.