आयडीव्ही 2,60,000 आणि हातात 1,49,000: चोरीला गेलेल्या जुन्या गाडीच्या भरपाईचा प्रश्न

वाचकाचा प्रश्न : मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहतो. माझी 2014 सालची 1,197 सीसीची पेट्रोल गाडी रात्री सोसायटीच्या फाटकाबाहेरून चोरीला गेली. सकाळी लक्षात येताच मी 112 वर फोन केला आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. ‘आधी आजूबाजूला शोधा’ असे सांगून पोलिसांनी एफआयआर चौथ्या दिवशी नोंदवला. विमा कंपनीला मी नवव्या दिवशी कळवले. पॉलिसी सर्वसमावेशक असून तिच्यात आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत) 2,60,000 रुपये आहे आणि चोरी पॉलिसीच्या सातव्या महिन्यात झाली. गाडीवर कर्ज नाही. दोन्ही किल्ल्या, आरसी आणि पोलिसांच्या ‘अ’ समरीची (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, या अहवालाची) प्रत मी कंपनीला दिली आहे. आता कंपनी म्हणते की, गाडीचा बाजारभाव 2,00,000 रुपयेच होता. त्यातून उशिरा कळवल्याबद्दल 25 टक्के आणि सक्तीची वजावट (दाव्यातील विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम) म्हणून 1,000 रुपये कापून 1,49,000 रुपये मिळतील. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही मागितली आहे. तशीच गाडी आज घ्यायची तर सव्वातीन लाख लागतात. शिवाय चोरीच्या दोन महिने आधी मी चारही टायर नवीन टाकले होते आणि म्युझिक सिस्टीम बसवली होती. मला सव्वातीन लाख मिळू शकतील का? सही करावी का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. ती पावती आज आहे त्या स्वरूपात सही करून देऊ नका. सव्वातीन लाखांचा आग्रह मात्र आपण सोडावा, असे मला स्पष्टपणे सांगावे लागेल. आपला दावा आयडीव्हीतून सक्तीच्या वजावटीचे 1,000 रुपये वजा करून 2,59,000 रुपयांचा आहे. तो भक्कम आहे, पण त्यापुढे एक रुपयाही मागितला तर त्याची धार कमी होते.

याचे कारण आयडीव्ही या आकड्याच्या स्वरूपात आहे. पॉलिसीचे पहिले पान पुन्हा काढून पाहा. त्यावरील तक्त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि बनावटीचे वर्ष यांच्या शेजारी 2,60,000 हा आकडा छापलेला असेल. गाडी पाच वर्षांच्या आतली असती, तर तो आकडा नव्या गाडीच्या किमतीतून ठरावीक टक्के घट वजा करून काढला गेला असता. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एका वर्षापर्यंत 15, पुढे 20, 30, 40 आणि चार ते पाच वर्षांसाठी 50 टक्के, असा तो तक्ता आहे. पाच वर्षांहून जुन्या गाडीसाठी असा तक्ता लागू होत नाही. तिथे कंपनी आणि विमाधारक यांनी परस्पर संमतीने आकडा ठरवायचा असतो. आपल्या गाडीच्या बाबतीत हाच मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. 2,60,000 हा आपण एकट्याने सांगितलेला आकडा नाही. कंपनीने तो मान्य केला, त्यावर प्रीमियम मोजला, तो प्रीमियम घेतला आणि मग तो आकडा आपल्या पॉलिसीवर छापला.

खासगी मोटारीच्या पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक, पॉलिसीची जी प्रमाणित शब्दरचना गेली अनेक वर्षे वापरात आहे, तिच्यात असे म्हटलेले असते की, गाडी पूर्णपणे गमावल्याच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या संपूर्ण काळात गाडीची बाजारातील किंमत मानली जाईल आणि तिच्यातून आणखी घसारा वजा केला जाणार नाही. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हे वाक्य शोधा, त्याखाली रेघ मारा आणि त्या पानाची छायाप्रत प्रत्येक अर्जाला जोडा. ‘चोरीच्या दिवशी बाजारभाव दोन लाखच होता’ हे कंपनीचे म्हणणे खरे असले, तरी या वाक्यापुढे ते गैरलागू ठरते. गाडी सात महिने वापरली, किलोमीटर जास्त झाले, मूल्यांककाने दोन लाखच धरले, या सर्व गोष्टी पॉलिसी देण्याआधी बोलायच्या होत्या. गाडी तपासून पाहण्याचा अधिकार कंपनीला तेव्हा होता. तो वापरला नाही, याचा भुर्दंड विमाधारकाने का सोसावा?

सर्वोच्च न्यायालयाने धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2008 च्या निकालात हीच वृत्ती कठोर शब्दांत नोंदवली आहे. विमा कंपन्या वरचढ स्थितीत असतात, वस्तूचे मूल्य मान्य करून प्रीमियम घेतात आणि भरपाई द्यायची वेळ आली की या ना त्या सबबीखाली तोच आकडा नाकारतात, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे. तक्रारीत या निकालाचा उल्लेख अवश्य करावा.

मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. कंपनी ज्या आकड्याला बांधलेली आहे, त्याच आकड्याला आपणही बांधलेले आहात. जुन्या गाड्यांच्या बाजारात तशी गाडी सव्वातीन लाखांना मिळते, हे मला पटते. पण कंपनीची कमाल जबाबदारी तक्त्यातील आयडीव्हीइतकीच असते. नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियम चार-पाचशे रुपयांनी कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढण्याची जी सवय पडली आहे, तिचा फटका नेमका अशा दिवशी बसतो. नव्या टायरांसाठी वेगळी रक्कम मिळणार नाही. टायर हा गाडीचाच भाग आहे आणि तो आयडीव्हीत आला. म्युझिक सिस्टीमची किंमत पॉलिसीच्या तक्त्यात जादा उपकरण म्हणून स्वतंत्र नोंदवली असेल तरच मागता येते. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून ती मागणी मी सोडून देईन. सक्तीच्या वजावटीचे 1,000 रुपये मात्र कंपनीने योग्यच कापले आहेत. 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीला ती वजावट लागू असते.

आता 25 टक्क्यांच्या कपातीकडे वळू. माझ्या मते कंपनीने येथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. विमाधारकाने पॉलिसीच्या अटीचा भंग केला असेल, तरीही दावा सरसकट फेटाळू नये, तो 75 टक्क्यांवर मिटवावा, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल (2008) आणि अमलेंदू साहू (2010) या निकालांत दाखवली. चालकाने किल्ली गाडीतच ठेवल्याच्या अशोक कुमार प्रकरणात 2023 सालीही 75 टक्केच मंजूर झाले. ही सवलत विमाधारकाच्या बाजूची आहे. अटीचा भंगच झालेला नसताना ती कपातीचे साधन म्हणून वापरता येत नाही.

आपल्याकडून भंग झाला का? पॉलिसीची पहिली अट बारकाईने वाचा. अपघात किंवा नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे, असे ती सुरुवातीला सांगते. त्यानंतर, चोरी किंवा अन्य गुन्ह्याच्या बाबतीत विमाधारकाने पोलिसांना ताबडतोब कळवावे आणि कंपनीला सहकार्य करावे, असे तिच्यात वेगळे वाक्य आहे. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 24 जानेवारी 2020 रोजी याच अटीचा अर्थ लावला. चोरी झाल्यावर पोलिसांत तत्काळ फिर्याद दिली असेल आणि चोरी खरी असल्याचे तपासात आढळले असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे त्या पीठाने सांगितले. त्या प्रकरणात कंपनीला कळवायला दीड महिन्याहून अधिक उशीर झाला होता. पुढे 2022 मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात तर सुमारे पाच महिन्यांचा उशीर होता आणि तरीही न्यायालयाने हेच तत्त्व लावले. आपला उशीर नऊ दिवसांचा आहे. शिवाय योग्य कारणाने झालेल्या उशिरावरून खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत, असे विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावले आहे.

आपली कमकुवत बाजू असलीच तर ती एफआयआरवरील तारखेत आहे. कंपनी म्हणेल की, पोलिसांतही चार दिवस उशीर झाला. म्हणून पहिल्या सकाळचा पुरावा आताच गोळा करा. लेखी अर्जाच्या आपल्याकडील प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का, तारीख आणि ठाणे अंमलदारांची सही आहे का ते पाहा; ती असेल तर निम्मे काम झाले. पोच घेतलीच नसेल, तर 112 वर केलेल्या फोनची नोंद मोबाइल कंपनीच्या तपशिलात मिळेल, आणि त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतील नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागता येईल. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच घटनापीठाने ठरवून दिले आहे. वाहनचोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. ‘आधी शोधा’ असे सांगून फिर्यादीला परत पाठवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिची झळ पुढे फिर्यादीलाच विम्यात बसते, याची मला मनापासून चीड आहे. नोंदणीला झालेला उशीर आपल्या माथी मारता येणार नाही. ‘अ’ समरीचा अर्थच मुळी गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा असल्यामुळे चोरीच्या खरेपणाबद्दल कंपनीला बोलायला जागा उरलेली नाही.

समजा, एखाद्या अधिकाऱ्याने किंवा आयोगाने उशिराचा मुद्दा कंपनीच्या बाजूने मानला, तरीही कंपनीचे गणित चुकतेच. 25 टक्के कापायचे तर ते आयडीव्हीतून कापायला हवेत. 2,60,000 चे 75 टक्के म्हणजे 1,95,000 आणि वजावटीनंतर 1,94,000 रुपये. याचा अर्थ, कंपनीचा एक मुद्दा पूर्ण मान्य करूनही ती आपले 45,000 रुपये देणे लागते. आणि तो मुद्दा मान्य झाला नाही, तर फरक 1,10,000 रुपयांचा आहे. तक्रारीत मुख्य मागणी 2,59,000 ची ठेवा आणि ही दुसरी आकडेमोड पर्यायी म्हणून लिहा.

पावतीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांवर एकदा सही झाली की, पुढे कंपनीचा वकील सर्वांत आधी तोच कागद दाखवतो. अशी सही झाली म्हणजे हक्क कायमचा गेला असे नाही. फसवणूक, चुकीची माहिती किंवा दबाव यांमुळे सही घेतली गेल्याचे दाखवता आले, तर उर्वरित रक्कम मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली अजमेर सिंग कॉटन प्रकरणात सांगितले आहे. अशा पावत्यांचा वापर ग्राहकाचा मार्ग बंद करण्यासाठी करू नये, असे आयआरडीएआयचे 24 सप्टेंबर 2015 चे परिपत्रकही आहे. पण दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा तो प्रसंगच टाळलेला बरा. कंपनीला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा की, 1,49,000 रुपयांबद्दल वाद नसल्याने ती रक्कम लगेच खात्यात जमा करावी, आपण ती उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकाराल. पावतीवर सही करावीच लागली, तर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द खोडून ‘हरकत नोंदवून, उर्वरित रकमेचा हक्क राखून, अंशतः भरपाईपोटी’ असे आपल्या हस्ताक्षरात लिहा, पुढे तारीख घाला आणि देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कंपनीने असा कागद घेण्यास नकार दिला, तर तो नकार लेखी मागा.

त्याच पत्रात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उद्देशून आपली मागणी मांडा आणि इन्व्हेस्टिगेटरचा अहवाल व दोन लाखांच्या मूल्यांकनाची प्रत मागा. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवा. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर दोन दरवाजे उघडे होतात. एक विमा लोकपालांचा. नाशिक जिल्हा पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तेथे शुल्क नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. वकिलाला तेथे उभे राहता येत नाही. विमाधारकाने स्वतः म्हणणे मांडायचे असते. दुसरा दरवाजा नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी बिघडत नाही. आयोगाचे शुल्क भरलेल्या प्रीमियमवरून ठरते आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे.

आपल्या प्रकरणात मी आधी लोकपालांकडे जाण्याचा सल्ला देईन. साक्षीपुराव्याचा गुंता येथे नाही. पॉलिसीचे एक पान, एक अट आणि एक बेरीज-वजाबाकी एवढ्यावर निकाल व्हायला हवा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो आपल्याला मान्य नसेल तर आयोगाचा मार्ग राहतो. उलट बाजूने मात्र तसे नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात दाखल झाले की लोकपाल ते ऐकत नाहीत. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मिळवायचा असेल तर आयोगच योग्य; पण त्यासाठी लागणारा काळ आपण विचारात घ्यावा. व्याजाची मागणी दोन्हीकडे लिहायला विसरू नका. आयोगासाठी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार दोन वर्षांची मुदत आहे. ती कंपनीने रक्कम नाकारल्याच्या दिवसापासून मोजावी असे म्हणता येते, तरीही सावधगिरी म्हणून आपण चोरीच्या तारखेपासूनच मोजा आणि लोकपालांकडे विलंब होतो आहे असे दिसले तर तिथेच थांबून राहू नका.

राहता राहिला आरटीओचा भाग. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात चोरीची लेखी माहिती एफआयआरच्या प्रतीसह दिली नसेल, तर याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. त्या गाडीने कुठे अपघात केला किंवा तिचा गैरवापर झाला, तर नोंदणीत अजूनही आपलेच नाव आहे. मालकी हस्तांतराचे कोरे अर्ज कंपनीने सहीसाठी दिले असतील, तर ते भरपाईची रक्कम जमा झाल्याखेरीज देऊ नका. गाडी भरपाईआधी सापडली, तर ती आपल्यालाच ताब्यात घ्यावी लागेल आणि दावा फक्त नुकसानीपुरता उरेल. भरपाई मिळाल्यावर सापडली, तर तिच्यावर कंपनीचा हक्क राहील, आणि पोलिसांचा फोन आला तर आपण तो त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवायचा आहे.