वरचा बीपी चढतोय, खालचा उतरतोय

प्रश्न : वय ६१. मधुमेह नाही, तंबाखू नाही. बीपी पूर्वी १३०/८४ असायचा, आता १५८/७२ येतो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९८, पण एचएस-सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) ४.६. पेशी म्हाताऱ्या झाल्या की धमन्यांना आतून सूज येते, असं ऐकलं. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखणं-सूज उतरवणारी गोळी घेतोच आहे. धमन्यांची सूजही त्यानेच उतरेल ना?

उत्तर : नाही. उलट ती गोळी बीपी चढवते आणि हार्ट अटॅकचा धोका वाढवते. ती बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. गुडघ्याला वरून लावायचं जेल चालेल का, तेही विचारा.

धमनीला आतून पेशींचा एकपदरी थर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो, म्हणून धमनीचे स्नायू सैल राहतात. या थरातली म्हातारी पेशी विभागणं थांबवते, पण मरत नाही; सूज आणणारी रसायनं सोडत बसते. शेजारच्या धडधाकट पेशीही त्याने बिघडतात आणि धमनी आवळलेली राहते. महाधमनीतले इलॅस्टिनचे लवचीक धागे तर बहुतेक लहानपणीच विणून झालेले असतात. ते तुटले की त्यांची जागा कडक कोलॅजन घेतं. लवचीक महाधमनी ठोक्यासरशी फुगते, मग आक्रसून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात रक्त पुढे ढकलते. खालचा आकडा त्यावरच टिकतो. ती ताठरली की वरचा चढतो, खालचा उतरतो. तुमच्या दोन आकड्यांत ८६ चा फरक आहे. या वयात तो ६० च्या पुढे असणं ही ताठरपणाची खूण. तेव्हा ‘खालचा तर छान आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

सीआरपी ३ च्या वर म्हणजे धोका जास्त. पण सर्दी किंवा हिरड्यांतला पू यांनीही तो वाढतो. दोन-तीन आठवडे काही दुखणं नसताना पुन्हा तपासा. १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. पुन्हा २ च्या वर आला तर स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, विचारा. २००८ च्या ज्युपिटर नावाच्या औषध-चाचणीत एलडीएल १३० च्या आत आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेलेच लोक घेतले होते. रोज २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिनने त्यांच्यातले हृदयविकार, पक्षाघात वगैरे ४४ टक्क्यांनी घटले. अर्थात एलडीएलही निम्म्यावर आलं होतं, सगळं श्रेय सूज उतरण्याला नाही.

बीपी घरी सात दिवस मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं-पापडही धरा. बीपीची गोळी सुरू झाली तर उभं राहूनही मोजा. वरचा आकडा २० ने पडला किंवा चक्कर आली तर डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.